द लास्ट ऑफ अस (मालिका, पहिलं पर्व), भाग दुसरा: जाकार्तामधली ती सुरुवात

काचपट्टी (धागाकर्ती)

पहिल्या दोन भागांतलं सगळं खाली उघड केलं आहे, तेव्हा ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी आधी पाहून या. तिसऱ्या भागाबद्दल इथे कृपया काही लिहू नका, मी अजून तिथवर पोचलेले नाही.

भाच्याने दोन महिने पिच्छा पुरवला म्हणून शेवटी ही व्हिडिओ गेमवरून केलेली मालिका सुरू केली. माणसांत शिरलेल्या बुरशीने जग कोसळतं आणि वीस वर्षांनी जोएल आणि त्याची जोडीदार टेस, बाधा न होणाऱ्या एली नावाच्या मुलीला घेऊन निघतात, अशी गोष्ट. तो गेम मी कधी खेळलेले नाही. पहिला भाग आवडला, ८१ मिनिटं कशी गेली कळलं नाही. पण त्या रात्री मी शांत झोपले. झोप उडवली ती दुसऱ्या भागाच्या सुरुवातीने. आणि त्या सुरुवातीत धावाधाव नाही, किंचाळ्या नाहीत, अंगावर येणारा एकही जिवंत बाधित माणूस नाही. एक वयस्कर बाई सूक्ष्मदर्शकात बघते, एक प्रेत तपासते आणि चहाचा कप हातात धरून बसते. एवढंच.

मी जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरच्या (कोविडनंतरच्या काळ्या बुरशीच्या) काचपट्ट्या मी वाचल्या आहेत, रोजच्या रोज. त्यामुळे हा प्रसंग मला इतर प्रेक्षकांपेक्षा जरा वेगळा भिडला असणार. तो जसा भिडला तसा लिहिते.

२४ सप्टेंबर २००३, जाकार्ता. म्हणजे पहिल्या भागात टेक्ससमध्ये जग कोसळतं त्याच्या दोन दिवस आधी. इबू रत्ना नावाच्या कवकशास्त्राच्या प्राध्यापिका एका खानावळीत दुपारचं जेवत बसल्या आहेत. लष्कराची माणसं येतात आणि त्यांना घेऊन जातात. प्रयोगशाळेत त्यांच्यापुढे एक तयार काचपट्टी असते. त्या बघतात आणि ऑफिओकॉर्डिसेप्स (म्हणजे कॉर्डिसेप्स, मुंग्यांत वाढणारी बुरशी) हे नाव लगेच सांगतात. मग विचारतात, ही काचपट्टी करताना क्लोराझॉल का वापरलं?

इथे मी रिमोट उचलून चित्र थांबवलं. कारण हा प्रश्न लिहिणाऱ्याला हे काम माहीत आहे. क्लोराझॉल ब्लॅक हा रंग माणसाच्या त्वचेतली, नखातली बुरशी दिसावी म्हणून केओएचबरोबर (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वापरतात. बुरशीच्या भिंतीतल्या कायटिनला तो धरतो आणि तंतू आजूबाजूच्या पेशींतून उठून दिसतात. मुंगीतून काढलेल्या बुरशीला ही खटपट कोण करेल? म्हणजे बाईंच्या मनात शंका आलेली आहे, पण अजून शब्दांत उतरलेली नाही. समोरचा अधिकारी सांगतो की नमुना माणसातून घेतला आहे. त्या म्हणतात, कॉर्डिसेप्स माणसात जगू शकत नाही. आणि हे म्हणताना त्यांचा आवाज चढत नाही. आयुष्यभर वर्गात शिकवलेलं वाक्य त्या पुन्हा एकदा म्हणतात, तितक्याच सवयीने.

नंतर प्रेत, पायावरचा चावा, तोंडातले हलणारे तंतू. ते सगळं भयंकर आहे, पण माझं लक्ष त्यानंतरच्या चहाकडे आहे. अधिकारी बाईंना सांगतो: पिठाच्या आणि धान्याच्या कारखान्यातली कामगार, तिने तिघांना चावलं, तिला कुणी चावलं ते माहीत नाही, आणि चौदा कामगार बेपत्ता आहेत. आम्हाला लस हवी, औषध हवं. बाई सांगतात की औषध नाही आणि लसही नाही. मग काय करायचं, असं तो विचारतो, तेव्हा त्या एकच शब्द बोलतात. बॉम्ब. हे शहर आणि त्यातली सगळी माणसं. त्यांच्या हातातला कप बशीवर खडखडतो आहे. त्यानंतर त्या विनंती करतात की मला कुणीतरी घरी सोडा, मला माझ्या माणसांजवळ जायचं आहे.

भूमिका करणारी क्रिस्टीन हाकिम ही इंडोनेशियातली फार मोठी अभिनेत्री. २००२ साली ती कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळावर होती. मालिकेत तिच्या वाट्याला काही मिनिटंच आली आहेत आणि ती पुन्हा दिसणार नाही. पण मला विचाराल तर आख्ख्या भागाचा कणा तिच्याच त्या एका शब्दात आहे. कारण पुढे काय दाखवतात बघा. वीस वर्षांनंतरचं बॉस्टन, आणि रस्त्याच्या मधोमध खड्डे. एली विचारते तेव्हा तिला सांगितलं जातं की मोठ्या शहरांवर बॉम्ब टाकले, प्रसार थांबावा म्हणून. इथे उपयोग झाला, बहुतेक ठिकाणी झाला नाही. म्हणजे बाईंचा सल्ला कुणीतरी मानला होता. तिच्या तोंडून शब्द निघाला आणि पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत त्याचा खड्डा आपल्या पायाखाली आला. हे जोडकाम मालिका कुणाच्याही तोंडून बोलून दाखवत नाही. बघणाऱ्याने ते करायचं.

तुम्हाला हा भाग कसा वाटला ते लिहा. गेम खेळलेल्यांनी तर नक्कीच लिहा, मला त्यातलं काही कळत नाही.

---

जॉयस्टिक

काचपट्टीताई, क्लोराझॉलचा मुद्दा वाचून तो प्रसंग पुन्हा लावला. मी तीनदा पाहिला होता आणि तिन्ही वेळा तो शब्द कानावरून गेला होता.

गेमबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. मूळ गेम जून २०१३ चा, प्लेस्टेशन ३ वर आला, नॉटी डॉग या कंपनीचा. मी तेव्हा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघांनी आळीपाळीने पाच रात्रींत तो संपवला. गेममध्ये जाकार्ता नाहीच. इबू रत्ना नाहीत. ते सगळं मालिकेसाठी नवीन लिहिलेलं आहे, आणि ते उत्तम आहे हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. दुसरा भाग नील ड्रकमनने स्वतः दिग्दर्शित केला आहे, म्हणजे ज्याने गेम लिहिला त्यानेच. लेखन क्रेग मेझिनचं, चेर्नोबिलवरची मालिका करणारा तोच. चेर्नोबिल पाहिली असेल त्यांना अणुभट्टीच्या तज्ज्ञाचा चेहरा आठवेल. सगळं कळलेला एक माणूस आणि त्याच्यासमोर आदेश मागणारा अधिकारी, ही मेझिनची आवडती जागा असावी.

पण माझं एक दुखणं आहे. मालिकेने पहिल्या पर्वात बीजाणू काढून टाकले. गेममध्ये बंद, दमट जागेत बुरशीचे बीजाणू हवेत तरंगत असतात, पिवळट धुरळ्यासारखे. दार उघडलं आणि तो धुरळा दिसला की जोएल गॅस मास्क चढवतो. मास्कच्या आतून त्याचा श्वास ऐकू येतो आणि खेळणाऱ्याचा स्वतःचा श्वास आपोआप हळू होतो. आणि एली मास्कशिवाय त्याच हवेत उभी राहते! तिला काही होत नाही हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही, दिसतं. मालिकेत ते सगळं गेलं आणि त्याजागी तोंडातून येणारे तंतू आले. निर्मात्यांचं म्हणणं असं की बीजाणू हवेतून पसरतात हे खरं धरलं तर ते सगळीकडेच जातील, मग पात्रांनी चोवीस तास मास्क लावायला हवेत आणि नटांचे चेहरे दिसणारच नाहीत. पटतं, पण मन मानत नाही.

---

काचपट्टी

जॉयस्टिक, तुमचं मन मानत नाही ते बरोबरच आहे. विज्ञानाच्या बाजूने तुमचा गेम जास्त खरा आहे.

म्युकरचे बीजाणू आपल्या आसपास कायम असतात. मातीत, सडक्या भाजीत, शिळ्या भाकरीवर. ते नाकावाटे आत जातात आणि धडधाकट माणसाचं शरीर त्यांना तिथेच संपवतं. २०२१ मध्ये आमच्याकडे जे आले त्यांच्यात साखर हाताबाहेर गेलेली होती, कोविडसाठी स्टिरॉइड घेतलेली होती, आणि मग तेच बीजाणू नाकाच्या पोकळीत, टाळूत, डोळ्याच्या खोबणीत मुळं धरत होते. एका रुग्णापासून दुसऱ्याला हा आजार होत नाही, हे आम्ही नातेवाईकांना दिवसातून दहा वेळा सांगायचो. लोक खाटेपासून लांब उभे राहायचे. आईला हात लावायलाही घाबरायचे.

तेव्हा चाव्यातून बुरशी पसरते ही मालिकेची कल्पना खऱ्या जगापासून लांबची आहे आणि हवेतून येते ही जवळची. मालिकेने चेहरे निवडले. ते मी समजू शकते. पण तुमच्या त्या पिवळ्या धुरळ्याच्या खोलीत मी कधीही पाऊल टाकणार नाही.

---

रातराणी

आम्ही घरचे सगळे मिळून बघितला हा भाग. सासूबाई इबू रत्ना बोलत असताना म्हणाल्या, "ही आमच्या शाळेतल्या बाईंसारखी दिसते." खरंच तशीच आहे ती. इंडोनेशियन भाषेत इबू म्हणजे आई, आणि आदराने कुठल्याही मोठ्या स्त्रीला इबू म्हणतात, आपण शिक्षिकेला 'बाई' म्हणतो तसं. हातात बंदुका घेतलेली माणसं तिला इबू म्हणतात, तिच्याशी अदबीने बोलतात, आणि त्याच अदबीने तिला असा प्रश्न विचारतात की ज्याला उत्तर नाही.

मला एक शंका आहे. बाधा पिठातून पसरली हे दोन्ही भागांतून सुचवलंय ना? पहिल्या भागात जोएलच्या घरी पॅनकेकचं पीठ संपलेलं, वाढदिवसाचा केक आणायचा राहिलेला, शेजारणीने दिलेली बिस्किटं जोएलची मुलगी सारा घेत नाही. हे सगळं मला दुसऱ्यांदा पाहताना दिसलं आणि अंगावर काटा आला. पण पीठ भाजल्यावर, भट्टीत घातल्यावर बुरशी मरत नाही का?

---

काचपट्टी

रातराणी, मरते. भट्टीतून निघालेल्या पावावर जिवंत बुरशी साधारणपणे नसते. आपल्या घरी पावावर जी हिरवी-काळी बुरशी येते ती नंतर हवेतून बसलेली असते. म्हणून हा धागा मालिकेत थोडा सैल आहे. पण पीठ मळताना, दळताना उडणारी भुकटी श्वासातून जाते, त्याबद्दल मालिका काही बोलत नाही. कारखान्यातल्या कामगारालाच पहिली बाधा व्हावी हे मला त्यामुळे पटलं. पिठात हात घालणारा माणूस पहिला.

---

बांधावरून

पोरीनं मोबाईलवर दाखवला हा भाग, खाली मराठीत काही येत नव्हतं म्हणून ती शेजारी बसून सांगत होती. मी शेतकरी माणूस, बाजरी पिकवतो. तुम्ही पिठाचं लिहिलंत म्हणून दोन गोष्टी सांगाव्या वाटल्या.

बाजरीवर अरगट पडतो. ऐन फुलोऱ्यात ढगाळ हवा आणि रिमझिम पाऊस राहिला की कणसातून मधासारखा चिकट, गुलाबीसर थेंब गळायला लागतो. लहानपणी आम्हाला वाटायचं गोड असेल, आजी हातावर फटका द्यायची. पुढे त्याच कणसात दाण्याच्या जागी काळपट, वेडावाकडा, दाण्याहून लांब असा खडा तयार होतो. ती बुरशी. धान्यात मिसळून दळली गेली की माणसाला उलट्या, चक्कर, गुंगी. आणि ताई, हे विष भाकरी भाजली म्हणून पूर्ण जात नाही.

उपाय काय, तर पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात घालायचं. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ. ढवळायचं. रोगट आणि पोकळ बी वर तरंगतं, ते काढून जाळून टाकायचं. तळाला बसलेलं चांगलं बी दोन-तीन पाण्यानं धुवून सावलीत सुकवायचं आणि मग पेरायचं. आई हे दरवर्षी परसात करायची, मोठ्या घमेल्यात. वर तरंगलेलं ती ओंजळीनं गोळा करायची आणि एकही दाणा खाली पडू द्यायची नाही. कोंबड्यांना पण घालायची नाही.

त्या परदेशी बाईनं हातमोजे घालून चिमट्यानं ते तंतू ओढले ना, तेव्हा मला आईचा तो हात आठवला.

---

काचपट्टी

काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आज जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवला. अरगटची बुरशी भाजून मरते पण तिचं विष राहतं, ही दुरुस्ती मी करायला हवी होती. ती तुम्ही केलीत. धन्यवाद.

---

जॉयस्टिक

काका, ग्रेट. खरंच.

कॉर्डिसेप्सबद्दल थोडं लिहितो, कारण गेमच्या चाहत्यांना ते पाठ असतं. ऑफिओकॉर्डिसेप्स युनिलॅटेरॅलिस ही खरी बुरशी आहे, ब्राझील, थायलंडच्या पावसाळी जंगलांत सापडते. सुतार मुंगीत शिरते. मुंगी आपली वाट सोडून झाडोऱ्यावर चढते, जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटर उंचीवर पानाच्या शिरेला जबड्याने घट्ट चावा घेते आणि तिथेच मरते. नंतर तिच्या डोक्यामागून बुरशीचा दांडा उगवतो आणि खालून जाणाऱ्या मुंग्यांवर बीजाणू सांडतो. आल्फ्रेड वॉलेस या निसर्ग-अभ्यासकाने १८५९ मध्येच तिचा नमुना गोळा केला होता. गेमची कल्पना सुचली ती बीबीसीच्या निसर्गमालिकेतली ही मुंगी पाहून.

आणि यातलं मला सगळ्यात भयानक वाटतं ते असं: २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं की बुरशी मुंगीच्या स्नायूंभोवती जाळं विणते, पण मेंदूत शिरत नाही. म्हणजे मेंदू तसाच आहे आणि पाय दुसऱ्याचे झाले आहेत.

---

भटकी

याच घराण्यातली बुरशी आपल्या देशात विकली जाते हे इथे कुणाला माहीत आहे का? कीडा जडी. उत्तराखंडात पिथोरागडच्या वरच्या भागात, मुनस्यारी, धारचुलाच्या बाजूला मी ट्रेकला गेले होते तेव्हा पाहिली. बर्फ वितळल्यावर गावंच्या गावं वरच्या कुरणांवर तंबू ठोकून राहतात. माणसं पोटावर आडवी पडून, गवतात नाक खुपसून शोधतात. गवतातून करंगळीएवढं तपकिरी टोक वर आलेलं असतं आणि खाली मातीत सुकलेली अळी. आमच्या वाटाड्याने दातांच्या ब्रशने माती झाडून माझ्या तळहातावर एक ठेवली. एका टोकाला अळीचे पाय अगदी मोजता येत होते, आणि दुसऱ्या टोकाला काडी. तो म्हणाला, मुलीच्या शाळेचा खर्च यातून निघतो.

मालिका पाहताना लोक कॉर्डिसेप्स शब्दाला घाबरतात. मला मात्र तो तळहात आठवतो. पण काचपट्टी, ती बुरशी अळीला मारते, आपल्याला का मारत नाही?

---

काचपट्टी

भटकी, मोठं कारण ऊब. आपलं शरीर ३७ अंशांवर असतं. बहुतेक बुरशींना थंड माती, थंड झाडं, थंड कीटक मानवतात. ३७ अंशांत त्यांचा जीव तग धरत नाही. त्याशिवाय प्रत्येक परजीवी बुरशी आपल्या यजमानाशी लाखो वर्षं जुळवून घेत आलेली असते. अळीचं कुलूप उघडणारी किल्ली माणसाला लागत नाही.

पहिल्या भागाच्या सुरुवातीला १९६८ सालच्या दूरचित्रवाणी मुलाखतीत तो शास्त्रज्ञ हेच सांगतो, आणि मग म्हणतो की जग थोडं तापलं तर बुरशीला उष्णता सोसायला शिकावं लागेल. ही निव्वळ कल्पना नाही. कँडिडा ऑरिस नावाची बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून पहिल्यांदा ओळखली गेली. त्यानंतर काही वर्षांत वेगवेगळ्या खंडांवर, एकमेकांशी संबंध नसलेल्या जातकुळींत ती जवळपास एकाच वेळी वर आली. अतिदक्षता विभागात शिरली की निघता निघत नाही, आणि बऱ्याच औषधांना दाद देत नाही. तापमानवाढीने तिला उष्णतेची सवय लावली असावी, असं काही अभ्यासक मांडतात. भारतातल्या रुग्णालयांतही ती आहे.

आणि औषधं? जिवाणूंसाठी आमच्याकडे प्रतिजैविकांची लांबलचक यादी असते. शरीरात खोल शिरलेल्या बुरशीसाठी मुख्य गट तीन-चार. कारण बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या फार जवळची आहे, तिला मारणारं औषध आपल्यालाही इजा करतं. २०२१ मध्ये ॲम्फोटेरिसिन बी मिळेनासं झालं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. ते मूत्रपिंडाला त्रास देतं हे माहीत असून नातेवाईक त्याच्या एकेका कुपीसाठी जिल्हे पालथे घालत होते. त्यामुळे इबू रत्ना "औषध नाही" म्हणतात तेव्हा मला तो संवाद वाटला नाही.

---

बीकनहिल

बॉस्टनमध्ये राहतो, म्हणून थोडं इकडचं. पहिल्या पर्वाचं चित्रीकरण कॅनडात अल्बर्टामध्ये झालं, त्यामुळे जे बॉस्टन दिसतं त्यातलं बरंचसं बॉस्टन नाही. पण टेसचा शेवट जिथे होतो ते स्टेट हाऊस, म्हणजे राज्याचं विधानभवन, खरं आहे. सोनेरी घुमटाची इमारत, १७९८ ची. मी रोज कामाला जाताना तिच्यासमोरून उतरतो.

काचपट्टी यांनी बॉम्ब आणि खड्ड्याचं जे लिहिलंय त्यावरून एक सांगतो. त्या घुमटावर सोन्याचा वर्ख आहे. दुसऱ्या महायुद्धात तो गडद रंगाने रंगवून टाकला होता, विमानातून चमकू नये आणि शहर ओळखू येऊ नये म्हणून. खरे बॉम्ब इथे कधी पडले नाहीत. मालिकेत ते आपल्याच सरकारने टाकलेले आहेत, आणि घुमट मात्र चमकतो आहे.

टेसचा मृत्यू मला सहन झाला नाही. तो बाधित माणूस तिच्या जवळ येतो, तिच्या तोंडात ते तंतू... त्याची गरज होती का? अॅना टॉर्वने इतकं सुंदर काम केलंय, चावा दाखवताना तिच्या चेहऱ्यावरची ती घाई, जोएलला "हिला घेऊन जा" सांगताना. त्यानंतर तिला असं मरण का?

---

जॉयस्टिक

बीकनहिल, शंभर टक्के सहमत. गेममध्ये टेस सैनिकांना अडवून धरते आणि गोळी लागून मरते. आपण वरच्या मजल्यावरून तिला खाली पडलेली बघतो. ते मरण तिचं स्वतःचं होतं. मालिकेत लायटर पेटता पेटत नाही, तेवढ्यात तो येतो. मी डोळे मिटले होते.

बाकी भाग मात्र जपून केलाय. संग्रहालयातले क्लिकर (डोकं बुरशीने व्यापलेले बाधित) आठवा. डोळे नाहीत, नुसता कान. तो टकटक-किरकिर आवाज मालिकेसाठीही गेममधल्याच कलाकारांनी दिला आहे, मिस्टी ली आणि फिलिप कोवॅट्स यांनी. गेममध्ये त्या खोलीत आम्ही बोटाने कंट्रोलरची काडी इतकी हळू ढकलायचो की अंगठा दुखायचा. मालिका बघताना माझा अंगठा सोफ्याच्या हातावर तसाच दाबलेला होता, हे बायकोने दाखवलं तेव्हा कळलं.

---

रातराणी

माझं मत वेगळं आहे. टेसचा तो प्रसंग मलाही बघवला नाही, पण तो काढावा असं वाटत नाही. आधी टेसच एलीला सांगते ना, की हे सगळे एकमेकांना जोडलेले आहेत, जमिनीखालून तंतू जातात, इथे पाय पडला तर कुठेतरी लांब डझनभर जागे होतात. हॉटेलच्या वरून तो जमाव दिसतो, उन्हात पडलेला, आणि एक लाट जावी तसे सगळे एकदम कूस बदलतात. त्यानंतर जो माणूस टेसजवळ येतो त्याला राग नाही. ती पळत नाही म्हणून तो चावत नाही. तो फक्त तिला जोडून घेतो. बुरशीला वैर नसतं. मला तेच जास्त भीतीदायक वाटलं.

---

काचपट्टी

रातराणी, मी तुमच्या बाजूने. जंगलातल्या बुरशीचं जाळं खरंच एवढं पसरतं. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये मधबुरशीच्या कुळातला एकच जीव जमिनीखाली सुमारे ९६५ हेक्टरवर पसरलेला आहे. वरून बघणाऱ्याला फक्त वाळत चाललेली झाडं दिसतात.

बीकनहिल, घुमटाची माहिती मला फार मोलाची वाटली.

एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती लिहावी की नाही ठरत नव्हतं.

२०२१ च्या मे महिन्यात आमच्या विभागप्रमुख मॅडम आणि मी दोघीच होतो. कान-नाक-घसा विभागातून टाळूचा तुकडा यायचा. काचपट्टीवर ठेवायचा, केओएचचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि ऊती विरघळेपर्यंत थांबायचं. आमच्याकडे क्लोराझॉल नव्हतं, साधं केओएच. मग कंडेन्सर खाली घेऊन प्रकाश कमी करायचा आणि हळूहळू शोधायचं. रुंद, रिबिनीसारखे तंतू, मधे आडपडदे नाहीत, फांदी जवळजवळ काटकोनात फुटलेली. ते दिसले की मॅडम काही बोलायच्या नाहीत. उठायच्या, मला खुर्ची द्यायच्या, "बघ" म्हणायच्या. मी हो म्हटलं की फोन उचलायच्या. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर त्या फोनची वाट बघत असायचे, कारण शस्त्रक्रिया किती खोल करायची, डोळा ठेवायचा की काढायचा, ते त्यावर ठरायचं. बहुतेक वेळा आम्ही रुग्णाचा चेहरा पाहिलेला नसायचा. एकदा फोन ठेवल्यावर मॅडमनी डबा उघडला, पोळी हातात घेतली आणि तशीच परत ठेवली.

मॅडम आता निवृत्त आहेत. मागच्या आठवड्यात मी त्यांना कळवलं की या भागाची फक्त सुरुवात बघा, पुढचं बघितलं नाही तरी चालेल. काल रात्री त्यांचा फोन आला. मला वाटलं क्लोराझॉलबद्दल बोलतील. त्याबद्दल एक अवाक्षर नाही. त्यांनी विचारलं,

"त्या बाईंना जेवणावरून उठवलं गं. ताट अर्धं होतं. पाच मिनिटं थांबता आलं नसतं का त्यांना?"